पायी बोलावणं: चोआ चू कांग ते क्लेमेंटी

अरुणाकाकूंचा सिंगापूरच्या बसवर राग आहे. बस स्वच्छ असते, गार असते, वेळेवर येते, हे सगळं त्यांना मान्य आहे. राग एवढ्याचसाठी, की ती वळते. मुलाकडे चोआ चू कांगला राहायला आल्या त्याच आठवड्यात काकू भाजी आणायला बसमध्ये चढल्या. बाजार समोर दिसायला लागला, काकूंनी पिशवी सावरली, आणि बस जी डावीकडे वळली ती थेट दफनभूमीच्या कडेनं फिरू लागली. काकूंनी दोन्ही बाजूंच्या मंडळींना नमस्कार केला आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत घरी आल्या. तेव्हापासून त्या पायी. "बस तिच्या मनानं वळते," त्या म्हणतात, "पाय आपण वळवल्याशिवाय वळत नाहीत."

पायात मात्र नातीचे बूट. सिंगापूरच्या शाळेत मुलांना पांढरे बूट घालावे लागतात आणि जाईचा पाय दर सहा महिन्यांनी वाढतो, त्यामुळे घरात पांढऱ्या बुटांचा तोटा नाही. तेव्हा सुती साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात छत्री आणि खाली शाळेचे बूट अशी मूर्ती सकाळी नऊला ब्लॉकच्या, म्हणजे राहत्या इमारतीच्या, खालून निघाली, की बाकावर बसलेले चिनी आजोबा पाय आवरून घेतात.

मुलगा रुचिर जुरोंग आयलंडवर रिफायनरीत इंजिनिअर आहे. तिथे कंपनीच्या बसनं, गळ्यात पास अडकवून जावं लागतं. तो म्हणतो, मला माझ्या स्वतःच्या टेबलापर्यंत पोचायला पास लागतो आणि आई अख्खं सिंगापूर नुसत्या छत्रीवर फिरते. काका, म्हणजे पद्माकरकाका, बायकोला एकटीला सोडायचं नाही म्हणून रोज बरोबर निघतात. पहिलं कोपीटिअम, म्हणजे इथलं कॉफीचं हॉटेल, लागेपर्यंत सोडत नाहीत. तिथे पंख्याखालच्या टेबलाशी घट्ट कॉफीचा कप आला, की "तू हो पुढे, मी आलोच" म्हणतात. ते अजून आलेले नाहीत.

तर ही गोष्ट गौरींची.

काकूंच्या घरच्या उभ्याच्या गौरी. पितळी मुखवटे, सासूच्या सासूपासूनचे. चिंचवडचं घर आवरून दोघं इकडे आले, तेव्हा थोरल्याच्या घरी गौरी हव्यात म्हणून मुखवटे काकूंनी मांडीवरच्या पिशवीतून आणले. विमानतळावरच्या तपासणीत पडद्यावर दोन हसऱ्या बायकांचे चेहरे उमटले, तेव्हा तिथल्या माणसानं म्हणे आधी पडद्याकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि काहीही न विचारता पिशवी पुढे सरकवली.

पण गेल्या वर्षी गौरींची इथली पहिली संध्याकाळ फसली. सून गार्गी आयटीत मॅनेजर. हळदीकुंकवाचं बोलावणं तिनं रीतसर मॅनेज केलं: व्हॉट्सॲपवर ग्रुप, गौरींचं चित्र, घराचा नकाशा, कोण येणार याची मतमोजणी. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. जोडलेले हात आले, नाचणाऱ्या बायका आल्या, "नक्की येणार" आलं. आल्या नाहीत त्या खऱ्या बायका. कुणाचा कॉल लांबला, कुणाच्या मुलाची ट्यूशन निघाली. वरच्या मजल्यावरची एक तमिळ शेजारीण तेवढी आली, तीही मुख्यतः कुकर परत करायला. गार्गी पैठणी नेसून संध्याकाळभर लिफ्टच्या आवाजाकडे कान लावून उभी होती. करंज्या रुचिरनं रिफायनरीत नेल्या. तिथले लोक अजून विचारतात, तुमच्या त्या दोघी पुन्हा कधी येणार.

यंदा श्रावण लागला तशी गार्गीनं विषय काढला. चिडून नाही, अगदी शांतपणे. पूजा घरच्या घरी करू, हळदीकुंकू नको. आणि पुढच्या वर्षीपासून मुखवटे चिंचवडला धाकट्या नंदाकाकूंकडे जाऊ देत.

"तिथे गल्ली भरून बायका येतात, आई," ती म्हणाली. "इथे त्या दोघी भिंतीकडे बघत बसतात. मला नाही बघवत."

नंदा ही काकूंची धाकटी जाऊ. तिचा फोन आधीच येऊन गेला होता. आमच्याकडे जागेला तोटा नाही हो वहिनी, परदेशात कुठे मिळायच्या एवढ्या सवाष्णी, असं ती इतक्या प्रेमानं म्हणाली होती, की काकूंना दोन दिवस तिखट लागलं नव्हतं.

काकूंनी भाजी निवडत निवडत अट घातली. यंदाचं बोलावणं मी करणार. घर भरलं नाही, तर मी स्वतः मुखवटे नंदाच्या हातात नेऊन देईन आणि पुन्हा नाव काढणार नाही.

"बोलावणार कसं? तुम्हाला तर ग्रुपवर टाईप करता येत नाही."

"पायी जाऊन," काकू म्हणाल्या. "गौरी पावलांनी येतात. आणि आपण अंगठ्यानं बोलवायचं?"

जाई अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "आजी, सो हॉट, नो वन वॉक्स लाह." आजीनं तिला कोणते बूट आता लहान होतात तेवढं विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून काकूंची मोहीम सुरू झाली. कमरेला चंची, तिच्यात कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची डबी. आधी चोआ चू कांग, मग रुळाच्या कडेकडेनं बुकिट गोंबाक, मग बुकिट बाटोक. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, डोक्यावरून जाते, तिच्या खालून चालत राहिलं की गाव चुकत नाही, हा शोध त्यांचा त्यांनी लावला. फोनमधला निळा ठिपका त्यांना पटत नाही. मी कुठे आहे हे मला माहीत असतं, म्हणतात, जायचंय ते घर कुठे आहे ते सांग. सगळे ब्लॉक एकसारखे, म्हणून त्यांनी त्यांना नावं ठेवली. मांजर झोपतं तो ब्लॉक. बुद्धिबळवाल्यांचा ब्लॉक. ते उग्र वासाचं ड्युरियन फळ विकतो त्याच्या पाठचा ब्लॉक, जो आंधळ्यालाही सापडला असता.

रस्ता ओलांडायची पद्धत त्यांनी चिंचवडहून आणलेली: पंजा उभारायचा आणि देवाचं नाव घेऊन निघायचं. तिकडे पंजा दिसला की गाडीवाला वेग वाढवतो. इथे पहिल्यांदा पंजा उभारला, तर झेब्रा पट्ट्यांपुढे अख्खी रांग थांबली. काकू इतक्या गोंधळल्या की मध्येच उभ्या राहून सगळ्यांचे आभार मानायला लागल्या. मग सवय झाली. आता त्या पंजा उभारून अशा जातात, की रांगेतल्या मर्सिडीजलासुद्धा आपण मिरवणुकीत आहोत असं वाटावं.

उन्हाला मात्र इलाज नाही. पण सिंगापूरकरांनी ब्लॉकपासून स्टेशनपर्यंत छपरं घातली आहेत, आणि छपराची सावली संपली की पर्जन्यवृक्षांची सुरू होते. एक ताई-चीच्या वर्गातली बाई पंख्यानं वारा घालते, एक फळवाला पेरू कापून देतो, एका पुलावरच्या बोगनवेलीला माळी पाणी घालतो तेव्हा थोडं आपल्यावरही घालून घेता येतं. ज्या शहरात मुलगा-सून बारा वर्षं राहून एमआरटीच्या काचेतून बघत होते, त्याची अशी घरगुती माहिती काकू रोज रात्रीच्या जेवणाला घेऊन यायच्या. रुचिरला आपल्या मागच्याच रस्त्यावर ओढा आहे आणि त्यात घोरपड राहते, हे आईकडून कळलं.

बोलावण्याची रीत ठरलेली. जायचं, टेकायचं, पाणी प्यायचं, कुंकू लावायचं आणि सांगायचं: सोमवारी संध्याकाळी, मुलींना, म्हणजे गौरींना, भेटायला यायचं. बुकिट बाटोकला उत्कर्षा राहते, पुण्याची, घरूनच काम करते. काकू टेकडीचा चढ चढून तिच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तिची मीटिंग चालू होती. तिनं दार उघडलं, खुणेनं बसायला सांगितलं आणि लॅपटॉपसमोर पळाली. काकू बसल्या, पाणी प्यायल्या, वाट बघितली. पण पुढे अजून तीन घरं व्हायची होती. तेव्हा त्या उठल्या, उत्कर्षाच्या खुर्चीशी गेल्या, तिची हनुवटी धरून तोंड वळवलं आणि कुंकू लावलं. पडद्यावर झुरिकचा साहेब बोलायचा थांबला. काकूंनी त्यालाही नमस्कार केला. साहेबानं, सांगतात, हात जोडले आणि तिमाहीचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

आता एक गोष्ट काकूंना माहीत नव्हती. यंदा गणपती-गौरी आणि चिन्यांचा सातवा महिना एकत्र आले होते. त्या महिन्यात गेलेली माणसं वरून उतरतात अशी समजूत आहे. जागोजागी गवताच्या कडेला मेणबत्त्या, उदबत्त्या, संत्री आणि भाताच्या मुदी मांडतात, पत्र्याच्या पिंपात कागद जाळतात. काकूंनी हे सगळं येता-जाता बघितलं होतं आणि आपल्यापुरता अर्थ लावला होता, की यांचा पितृपक्ष आपल्या आधी येतो. कुणाच्या मुदीवर पाय पडू नये म्हणून त्या बाजूनं जायच्या. पण आपण स्वतः काय करतोय, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेवटचं बोलावणं क्लेमेंटीचं. तिथे विद्यापीठात पीएच.डी. करणारी नीता नावाची मुलगी भाड्याच्या खोलीत राहते. एकट्या राहणाऱ्या मुलीला आधी बोलवावं, पण क्लेमेंटी लांब म्हणून राहून गेलं होतं. काकू भर दुपारी पोचल्या. दाराला कुलूप. घर बंद असेल तर बोलावणं परत न्यायचं नाही, उंबऱ्याशी चिमूटभर अक्षता ठेवून यायचं, हा सासूबाईंचा रिवाज. काकूंनी कुंकवानं लाल झालेले तांदूळ दारापुढे ठेवले, हात जोडले आणि निघाल्या. खाली आल्यावर भिंतीवरचं अक्षर दिसलं. ब्लॉकला नंबर एकच, पुढे ए आणि बी. नीताचा बी. हा ए.

त्या पुन्हा वर गेल्या, आणि लिफ्टचं दार उघडलं तेव्हा तिथे माणसं जमली होती. मधोमध एक चिनी आजी, हातात भाजीची पिशवी, स्वतःच्याच दारापासून पाच पावलांवर उभ्या. भुतांच्या महिन्यात दारात लाल तांदूळ, ओलांडायचे कसे? झाडायला तर कुणीच तयार नव्हतं. एक शेजारी मुलाला फोन लावत होता, दुसरी लांबूनच फोटो काढत होती.

पळून जायला लिफ्ट उघडीच होती. काकू बाहेर आल्या आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"यू पुट?" मिसेस टेओ, म्हणजे त्या आजींनी विचारलं.

"आय पुट."

"फॉर हू?"

काकूंच्या इंग्रजीचा साठा थोडा, पण वापर सढळ. त्यांनी आकाशाकडे बोट केलं. "टू डॉटर्स. कमिंग फ्रॉम अप."

मिसेस टेओंनी आवाज खाली आणला. "डेड आह?"

"नो, नो. एव्हरी इयर कमिंग. थ्री डेज. इटिंग, देन गोइंग."

हे ऐकल्याबरोबर मिसेस टेओंचा चेहरा निवळला. यात न समजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "सेम," त्या म्हणाल्या. "माय मदर-इन-लॉ. एव्हरी इयर कमिंग, इटिंग, गोइंग." मग म्हणाल्या, "शी व्हेरी फसी. एव्हरीथिंग कम्प्लेन."

सासू हा शब्द काकूंना कुठल्याही भाषेत कळतो. त्यांनी पुढे होऊन मिसेस टेओंचा हात धरला. मग दोघी तिथेच, कठड्याला टेकून, आपापल्या सासूबद्दल बराच वेळ बोलल्या, एक मराठीत आणि एक बहुधा होक्कियनमध्ये. जमलेली माणसं कंटाळून पांगली. अक्षता काकूंनी पदरात उचलून घेतल्या. मिसेस टेओंनी त्यांना पाणी दिलं, पिशवीतली कांगकाँगच्या पाल्याची जुडी दिली, जी काकूंनी सोळा भाज्यांत धरली, आणि बी ब्लॉकच्या बरोबर त्याच दारापर्यंत सोडायला आल्या. अर्थातच काकूंनी त्यांच्याही कपाळाला कुंकू लावलं. सोमवारी संध्याकाळी, मुलींना भेटायला.

घरी हे सांगितल्यावर गार्गीनं हातातला डाव खाली ठेवला. "आई, तुम्ही भुतांच्या महिन्यात लोकांच्या दारात तांदूळ ठेवलेत?"

"उचलले की परत."

गार्गीची आशा संपली हे तिच्या करंज्यांवरून दिसलं. तिनं मोजकंच सारण केलं. ती झोपल्यावर काकूंनी त्यात नारळ वाढवला.

सोमवारी गार्गीनं अर्धा दिवस सुट्टी घेतली. दारापासून आतपर्यंत पावलं काढली होती, दोघी उभ्या होत्या, एकीला गार्गीची पैठणी, दुसरीला काकूंच्या लग्नातला शालू. पद्माकरकाकांना बायकांच्या कार्यक्रमात लुडबुड नको म्हणून आतल्या खोलीत बसवलं होतं. सहा वाजले. कुणी नाही. सव्वासहा झाले. नेमका तेव्हाच नंदाचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे गल्लीतल्या बायकांचा कलकलाट. "आल्या का गं तुमच्याकडे कुणी?" गार्गीनं फोन छताकडे वळवला आणि म्हणाली, नंदाकाकू, आवाज येत नाही. मग ती सासूजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." काकू समया नीट करत होत्या. म्हणाल्या, चालत येणाऱ्याला वेळ लागतो.

लिफ्ट वाजली. पहिल्या बाहेर पडल्या मिसेस टेओ. गळ्यात मोत्यांची माळ, हातात संत्र्यांची टोपली, मागे त्यांच्या माहजाँगच्या डावातल्या तीन मैत्रिणी. गार्गी दारातच खिळली. मिसेस टेओ पावलं चुकवत आत आल्या, गौरींसमोर उभ्या राहिल्या, पुढे मांडलेलं जेवण नीट बघितलं आणि मान डोलावली. "व्हेरी प्रिटी, युअर गर्ल्स," त्या म्हणाल्या. "मस्ट बी हंग्री. लाँग वे."

पुढची लिफ्ट नीतानं आणली, विद्यापीठातल्या खोल्याखोल्यांतून गोळा केलेल्या मुली भरून. त्यांतल्या दोघींनी आयुष्यात पहिल्यांदा साडी नेसली होती आणि त्या मिऱ्या धरूनच चालत होत्या. मग उत्कर्षा. मग बुकिट गोंबाकच्या, मग मांजराच्या ब्लॉकमधल्या, मग गेल्या वर्षी अंगठा दाखवलेल्या जवळजवळ सगळ्याच, कुणी सासूला घेऊन, कुणी शेजारणीला घेऊन. गार्गीनं उत्कर्षाला विचारलंच, गेल्या वर्षी का नाही आलीस? ती म्हणाली, "गेल्या वर्षी मेसेज आला होता गं. यंदा काकू तो चढ चढून आल्या. त्यांना मी काय, इमोजी पाठवू?"

घर भरलं, मग बाहेरचा व्हरांडा भरला. चपलांची रांग लिफ्टपर्यंत गेली, आणि सिंगापुरात व्हरांड्यात वाट मोकळी ठेवावी लागते, म्हणून काकांना अखेर खोलीतून बाहेर काढून चपलांवर नेमलं. त्यांनी त्या रंगांप्रमाणे लावल्या. दुप्पट झालेल्या करंज्या पुरल्या, कशाबशा. मिसेस टेओंच्या मैत्रिणींनी ओटीतला नारळ हलवून बघितला आणि पसंत केला. कुणीतरी फुगडीचं नाव काढलं. काकूंनी पदर खोचला आणि हात पुढे केले, ते मिसेस टेओंनी धरले. रोज सकाळी ताई-ची करणाऱ्या बाईची पकड ती. तिसऱ्या गिरकीला काकूंचे पाय जमिनीवर आहेत की नाहीत याबद्दल प्रेक्षकांत दोन मतं पडली. जाई आधी कोपऱ्यात कानकोंडी होऊन उभी होती. मग ती फोन टाकून मध्ये घुसली आणि ओरडली, "नेक्स्ट मी, आजी."

नंदाचा कॉल पुन्हा आला. या वेळी गार्गीनं फोन घेऊन सगळं घर फिरून दाखवलं, व्हरांड्यासकट, काकांसकट. पलीकडून नंदा म्हणाली, "वहिनी, ती मोत्यांच्या माळेची कोण हो?"

"आमच्यातलीच आहे," काकू धापा टाकत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गौरींचं विसर्जन झालं. गार्गीनं ऑफिसला जायच्या आधी दोन्ही मुखवटे स्वतः पुसले, मऊ फडक्यात गुंडाळले आणि काकूंना विचारलं, कुठे ठेवायचे? काकू म्हणाल्या, तू सांग.

इथल्या नव्या फ्लॅटांमध्ये एक खोली असते, जाड भिंतींची, पोलादी दाराची. युद्ध झालं, बॉम्ब पडले, तर घरच्यांनी आत जाऊन बसायचं. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथे अडगळ ठेवतात. गार्गीनं ते दार उघडलं, रुचिरची गोल्फची पिशवी बाहेर काढली, ट्रेडमिलचं खोकं बाहेर काढलं, वरचा कप्पा पुसून घेतला आणि मुखवटे तिथे ठेवले. मग नंदाकाकूंना फोन लावून, दोन्ही पायांवर नीट उभी राहून, तिनं सांगितलं: गौरी आता सिंगापूरच्या. पुढच्या वर्षी तुम्ही या.

फोन ठेवला आणि पोलादी दार दोन्ही हातांनी लोटून घट्ट लावलं. रुचिर संध्याकाळी घरी आला तेव्हा गोल्फची पिशवी दिवाणखान्यात उभी होती. ती कुठे ठेवू, असं त्यानं विचारलं. काकूंनी तिच्यात आपली छत्री खोवली.